चूक कुठल्या वळीत हाय?

मे महिना मला आवडत नाही. आंब्यांचा, सुट्ट्यांचा, मामाच्या गावाचा म्हणून त्याचं जे कौतुक चालतं, ते ज्यांना या महिन्यात परीक्षा नव्हत्या त्यांनी केलेलं आहे. आमच्याकडं मे म्हणजे हॉलतिकीट, डोक्यावर ओला रुमाल आणि गरम हवा फेकणारा कूलर. लातुरात माझ्या खोलीच्या खिडकीतून एक परीक्षा केंद्र दिसतं. सकाळपासून फाटकाबाहेरच्या कडुनिंबाखाली आईबाप बसलेले असतात. कुणी चाकूरहून आलेलं, कुणी जळकोटहून, पहिल्या एसटीनं. मांडीवर डबा, हातात पाण्याची बाटली, नजर फाटकाच्या सळयांमधून आत. दरवर्षी ते दिसलं की मला राग येतो. परीक्षेचा नाही. एका माणसाचा.

त्याचं नाव मी इथं लिहिणार नाही. लिहिलं तर तो कात्रण कापून फाईलला लावील, आणि त्याला तेवढंही सुख द्यायची माझी इच्छा नाही. आम्ही त्यांना नुसतं ‘सर’ म्हणायचो. नांदेडच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात ते संगणक विभागाचे प्रमुख होते.

आमची लॅब दुसऱ्या मजल्यावर, पत्र्याखाली. एप्रिल लागला की किबोर्डची बटणं बोटांना चटके द्यायची. घामानं माउस सटकायचा. मशीनवर एक जुनापुराणा निळ्या पडद्याचा कंपायलर होता, आमच्या जन्माच्याही आधीचा. कंपायलर म्हणजे आपण लिहिलेला प्रोग्राम वाचून मशीनला कळेल अशा भाषेत उतरवणारा प्रोग्राम. हा निळा कंपायलर तुसडा होता. चूक पाचव्या ओळीत असली तरी तो विसाव्या ओळीकडं बोट दाखवायचा, तेही दोन इंग्रजी शब्दांत. पोरं घाबरून नीट असलेली ओळ खोडायची आणि आणखी गाळात जायची. सर मागून यायचे, पडद्याकडं बघायचे, म्हणायचे, “चूक आहे.” कुठं आहे ते सांगायचे नाहीत. “शोधा. आम्ही नाही का शोधल्या?” आणि पुढच्या मशीनकडं.

शाहीन माझ्या शेजारच्या मशीनवर बसायची. नांदेडातल्याच इतवारा मोहल्ल्यातली. तिच्या अब्बांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं आणि घर दुकानाच्या वरच. तिच्या घराण्यात नांदेडच्या बाहेरून कोण कधी आलं हे तिलाही माहीत नव्हतं, इतके ते तिथलेच. मी चाकूर तालुक्यातल्या खेड्यातून हॉस्टेलला आलेली. पहिल्या दिवशी मी ‘बाई, लईच गरम हाय की इथं’ म्हणाले आणि पुढच्या बाकावरच्या पुण्याहून आलेल्या मुली हसल्या. शाहीन हसली नाही. ती म्हणाली, “अजून कुठं गरम? मे येऊ दे, मग बग.” तिथून आम्ही एकत्र.

क्लँग तिनंच शोधला. सी, सी प्लस प्लस आणि त्या कुळातल्या भाषा वाचणारा कंपायलरचा पुढचा भाग. प्रोग्राम नीट वाचायचा, समजून घ्यायचा, चुकलं तर सांगायचं, आणि समजलेलं सगळं मागच्या भागाकडं सोपवायचं, एवढं त्याचं काम. पण तो सांगायचा कसा! चुकलेली ओळ समोर मांडायचा, नेमक्या अक्षराखाली एक छोटा बाण काढायचा, आणि वर विचारायचा, तुम्हाला अमुक म्हणायचं होतं का? मी पहिल्यांदा तो बाण बघितला तेव्हा मला खरंच भरून आलं. शिकायला लागल्यापासून माझ्या चुकीखाली इतक्या सभ्यपणानं कुणी बोट ठेवलं नव्हतं.

आणि तो खुला होता. म्हणजे त्याचा सगळा मजकूर कुणीही उतरवून घ्यावा, वाचावा, बदलावा. जगभरातल्या माणसांनी मिळून लिहिलेला. शाहीन आठवडाभर त्या मजकुरात डोकं खुपसून बसली आणि एका दुपारी कँटीनमध्ये मला म्हणाली, “भाग्या, ते चुकीचे सगळे निरोप येगळ्या फाईलीत लिहून ठेवलेत. नुसती वाक्यं. ती बदलली की झालं.”

“बदलून काय करायचं?”

“मराठी करायची. पहिल्या वर्षाची पोरं बग की. जळकोटची, कंधारची. त्यांना सी येत न्हाई असं न्हाई. त्यांना ‘एक्स्पेक्टेड’ कळत न्हाई.”

त्यावर आम्ही भांडलो, कारण कुठली मराठी हा प्रश्न आला. मी शब्दकोश घेऊन बसले. ‘अभिज्ञापक अघोषित आहे’ असं लिहिलं. शाहीननं ते मोठ्यानं वाचलं आणि तोंड वाकडं केलं. “हे ऐकून पोरगं मशीनच बंद करीन. तुझी आई कशी बोलती? तसं लिही.”

माझी आई कशी बोलते? मी डोळे मिटले आणि लिहिलं: ‘हे नाव वळखीचं न्हाई. count म्हणायलास का?’

शाहीन टाळी वाजवून हसली. मग ओळी सुटतच गेल्या. अर्धविराम राहिला तर ‘वळीच्या शेवटी ; राहिला की.’ कंस बंद केला नाही तर तिनं लिहिलं, ‘कंस खुल्लाच ठेवलास. इथं उगडला होतास बग.’ एका ठिकाणी ती ‘बेफिकीर’ म्हणाली, मी ‘इसरभोळं’ म्हणाले, आणि दोन्ही ठेवलं. तिच्या मराठीत दखनी शब्द सहज यायचे, माझ्या मराठीत शेतातले. दोन्ही एकाच भांड्यात घातल्यावर जी चव आली ती आमच्या भागाची होती. ती चव मी आधी कुठल्या पुस्तकात वाचली नव्हती.

एवढा मोठा प्रोग्राम पुन्हा बांधायचा म्हणजे माझा जुना लॅपटॉप तापून मरायला लागला. हॉस्टेलच्या खोलीत तो मध्येच बंद पडायचा. शेवटी शाहीननं तो अब्बांच्या दुकानात नेला, कारण तिथं मोठा कूलर होता. मशीनच्या तेलाचा वास, वाळ्याच्या ताट्यांचा वास, बाहेर टळटळीत दुपार. आम्ही पालथ्या ताटावर लॅपटॉप ठेवून त्याच्यासमोर बसलेलो. अब्बा एका मशीनचा पाय उघडून बसले होते. म्हणाले, “बेटा, लोक इंग्रजी शिकायला कॉलेजात जातात. तुम्ही इंग्रजीची मराठी करून राहिल्या.”

“अब्बा, पोरांना कळलं पाहिजे ना.”

“कळू दे बाबा,” ते म्हणाले आणि आमच्यासाठी उसाचा रस मागवला. ते माणूस शांत होतं. पुढं जे झालं त्यानंतरही त्यांचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नाही, आणि त्याचाही मला आज राग येतो.

लॅब सांभाळणाऱ्या मॅडमना विचारून आम्ही मराठी बोलणारा क्लँग कोपऱ्यातल्या एका मशीनवर बसवला. पहिल्या वर्षाची पोरं त्या मशीनसमोर रांग लावायला लागली. कंधारचा एक मुलगा मुद्दाम चुका करायचा, कंपायलर काय म्हणतो ते बघायला. कॉलेजात ‘म्हणायलास का?’ ही बोलण्याची ढबच होऊन गेली. चहात साखर कमी पडली तरी कुणीतरी म्हणायचं, “साखर वळखीची न्हाई. मीठ म्हणायलास का?” प्रॅक्टिकल परीक्षा तोंडावर होती, लॅबमध्ये भट्टी पेटल्यासारखं व्हायचं, आणि तरी पोरं हसत होती. परीक्षेच्या दिवसांत हसू येणं ही किती दुर्मिळ गोष्ट आहे, हे आता त्या फाटकाबाहेरचे चेहरे बघताना कळतं.

मग तपासणीची समिती आली. बाहेरगावची मोठी माणसं, गळ्यात ओळखपत्रं. सर त्यांना लॅब दाखवत होते, त्यांच्या खास आवाजात. तो आवाज मी आजही ओळखीन. सर मूळचे कंधारकडचे. एकदा त्यांचे वडील धोतर, टोपी, खांद्यावर पिशवी अशा वेशात विभागात आले आणि दारातूनच त्यांनी हाक मारली, “बाळ्या, हाइस का रं?” सरांनी त्यांना दंडाला धरून बाहेर नेलं आणि जिन्यात म्हणाले, “आपण खाली बसा, मी येतोच आहे.” स्वतःच्या बापाला ‘आपण’. आम्ही तेव्हा हसलो होतो. आता हसू येत नाही.

समितीतल्या एका बाईंनी कोपऱ्यातलं मशीन रिकामं बघून सहज म्हटलं, “सर, एखादा छोटा प्रोग्राम चालवून दाखवा ना.” सर बसले. त्यांनी वर्षानुवर्षं शिकवलं तसं लिहिलं, ‘void main’. जुना निळा कंपायलर ते खपवून घ्यायचा. क्लँग घेत नाही. सी प्लस प्लसमध्ये ते चूकच आहे; main नं शेवटी एक आकडा, int, परत द्यायचा असतो, आणि void म्हणजे काहीच न देणं. पडद्यावर बाण आला, आणि बाणाशेजारी निरोप:

‘main नं int परत द्यायला पायजे. void चालत न्हाई.’

बाई हसल्या. कुचेष्टेनं नाही, मनापासून. म्हणाल्या, “अरे वा! हे कुणी केलं?” मागं उभी असलेली पोरंही हसली. सरांचे कान लाल झाले. ते समितीला म्हणाले, “मुलांचा खोडसाळपणा आहे,” आणि त्यांना पुढच्या लॅबकडं घेऊन गेले.

दुपारी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. दोघींना. पण सर बघत होते ते फक्त शाहीनकडं.

“ही भाषा कुणाची?”

“आमची, सर,” ती म्हणाली.

“तुमची?” सर खुर्चीत मागं टेकले. “मराठीची थट्टा आता तुम्ही करणार?”

त्या ‘तुम्ही’त किती माणसं होती ते केबिनमधल्या तिघांनाही कळलं. शाहीनचा चेहरा मी बघितला. ती लाल झाली नाही, पांढरी पडली.

मी म्हणाले, “सर, ती void ची ओळ मी लिहिली. माझी आई अशीच बोलते.”

“तुला मी विचारलेलं नाही. तू चांगल्या घरची मुलगी आहेस. नादी लागू नकोस.”

“नादी कुणी कुणाच्या लागलं न्हाई, सर. दोघींनी केलंय.”

“आपण जिथून येतो,” ते एकदम माझ्यावर ओरडले, “ते मागं टाकायला शिकायचं असतं! आणि तुम्ही ते मशीनला शिकवता? बाहेरचे लोक काय म्हणतील? हे अडाण्यांचं कॉलेज आहे?” मग आवाज उतरवून शाहीनला म्हणाले, “माफीनामा लिहून द्यायचा. त्याशिवाय टर्मवर्कवर सही नाही.” टर्मवर्कवर सही नाही म्हणजे प्रॅक्टिकलला बसता येत नाही. प्रॅक्टिकल नाही म्हणजे वर्ष गेलं.

तेव्हा शाहीननं जे विचारलं ते मला अजून तिच्याच आवाजात ऐकू येतं. तिनं अगदी हळू विचारलं, “सर, माफी लिहिते. पण चूक कुठल्या वळीत हाय, ते सांगा.”

सरांनी दाराकडं बोट केलं.

त्याच संध्याकाळी शिपायानं माझी वही सही करून आणून दिली. शाहीनची नाही. कोपऱ्यातलं मशीन पुसून पुन्हा निळ्या पडद्याचं झालं. आम्ही प्राचार्यांकडं गेलो. मी लेखी दिलं की काम दोघींचं आहे, शिक्षा द्यायची तर दोघींना द्या. प्राचार्यांनी कागद पेपरवेटखाली ठेवला, फॅनकडं बघितलं आणि म्हणाले, “पोरींनो, परीक्षेच्या दिवसांत वाद नको. तिनं लिहून द्यावं आणि मोकळं व्हावं.” हेच वाक्य पुढं सगळ्यांनी म्हटलं. लॅबच्या मॅडम म्हणाल्या, वर्गातली पोरं म्हणाली, माझ्या घरचेही फोनवर म्हणाले. लिहून द्यावं आणि मोकळं व्हावं. जणू ते तिच्याच मानेवर बसलेलं काही होतं आणि तिनं मान झटकली की संपलं. ज्यानं बसवलं त्याला कुणी ऊठ म्हणालं नाही.

ती लिहीना. मी म्हणाले, “मग मीबी बसत न्हाई परीक्षेला.” आम्ही दुकानाच्या पायरीवर बसलो होतो. रस्ता तव्यासारखा. ती माझ्यावर चवताळली. “येडी हायस का? तू बसली न्हाईस तर त्यांना काय फरक पडतो? दोघी जातो, बस. तुझ्या आईला काय सांगशील?”

“मग तू लिहून दे की!”

“काय लिहू? मला मराठी येती याची माफी मागू?”

आतमध्ये अब्बा मशीनला तेल देत होते. त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी मान वर केली नाही, नुसतं म्हणाले, “न लिहिलं तर चालतं, बेटा. साल जाईल. जाऊ दे.” त्या ‘जाऊ दे’त त्यांनी आयुष्यात किती काय जाऊ दिलं असेल ते मला तेव्हा कळलं नाही, आणि आज कळतं तेव्हा हातात काहीतरी घेऊन फोडावंसं वाटतं.

प्रॅक्टिकलला मी बसले. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तोंडी परीक्षेत विचारलं, कंपायलरचा पुढचा भाग म्हणजे काय? शेजारी सर बसले होते, लिंबू सरबत पीत. मी सगळं सांगितलं. कसा वाचतो, कसा समजून घेतो, चूक कशी दाखवतो. परीक्षक खूश झाले. सरांनी मान डोलावली, जणू त्यांनीच शिकवलं होतं. मला चांगले गुण पडले. माझ्या गुणपत्रिकेतली ती ओळ मी आजवर कुणाला अभिमानानं दाखवलेली नाही.

शाहीननं कॉलेज सोडलं. लातुरात खालाकडं, म्हणजे मावशीकडं, राहून विज्ञानाची पदवी घेतली, पुढं शिकली, आणि आता इथंच एका महाविद्यालयात कंत्राटी शिकवते. दरवर्षी जूनमध्ये पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत. मी एका कंपनीचं काम घरून करते. दिवसभर माझ्यासमोर तोच क्लँग असतो, इंग्रजी बोलणारा. चुकलं की बाण काढतो. माझं त्याच्याशी भांडण नाही. कधीकधी वाटतं, इतक्या दूरदूरच्या, एकमेकांना न भेटलेल्या माणसांनी मिळून असं सभ्य काही लिहिलं, आणि एका लॅबमध्ये रोज भेटणारा माणूस आम्हाला सरळ बोलू शकला नाही. ज्या मराठीनं त्याला हाक मारली, तिच्याकडं त्यानं आयुष्यभर पाठ केली, आणि जिनं ती उचलली तिला म्हणाला, ही तुझी नाही. लोक सांगतात, राग धरू नये, आपल्यालाच त्रास होतो. होऊ दे. ज्यांचं काही गेलं नाही त्यांनी हा सल्ला देऊ नये.

हे सगळं या मे महिन्यात वर आलं ते केवळ उन्हानं नाही. परवा रविवारी शाहीन माझ्याकडं उत्तरपत्रिका तपासायला आली होती, कारण तिच्या भागात लाईट नव्हती. फोन वाजला. अनोळखी नंबर. मी स्पीकरवर घेतला.

“भाग्यश्री ना? ओळखलंस का?”

आवाज तोच. थोडा सैल झालेला, पण तोच. सर निवृत्त झाले होते, पुण्यात राहत होते. कॉलेज त्यांचा गौरव अंक काढत होतं. “तुमचा तो मराठी कंपायलरचा प्रयोग आठवतो ना? आपल्या विभागातला? आता मातृभाषेतून शिक्षणाला किती महत्त्व आलंय बघ. आपण तेव्हाच केलं होतं. त्यावर तू एक लेख दे. माझ्या प्रोत्साहनाचा उल्लेख आलाच तर येऊ दे ओघात.”

शाहीनचा लाल पेन थांबला होता.

मी म्हणाले, “सर, ते दोघींनी केलं होतं.”

“हो का? दुसरी कोण होती?”

त्यांना खरंच आठवत नव्हतं. नाटक करत नव्हते ते. इतक्या वर्षांत मी त्यांच्याशी मनात किती भांडले असेन, प्रत्येक वेळी ते मान खाली घालून उभे असायचे. आणि इथं त्यांना नावसुद्धा आठवत नव्हतं. शाहीननं फोन स्वतःकडं ओढला.

“सर, मी शाहीन बोलून राहिले. इतवाऱ्याची.”

“अच्छा, अच्छा! तूही लिही ना मग. जोडलेख करा. आणि बरं का, फार छान मराठी बोलतेस हो तू.”

मला वाटलं ती आता फोन भिंतीवर फेकणार. तिनं चष्मा काढला, ओढणीनं पुसला, पुन्हा लावला.

“सर, माझं एक वर्ष गेलं त्यात. तुम्ही सही केली न्हाई.”

पलीकडं खाकरल्याचा आवाज. “अगं, काय सांगू... तेव्हाची परिस्थितीच तशी होती.”

“परिस्थिती नव्हती, सर,” शाहीन म्हणाली. “तुम्ही होते.”

तिनं फोन बंद केला, गठ्ठ्यातली पुढची उत्तरपत्रिका ओढली, आणि चुकलेल्या ओळीखाली लाल रेघ मारून शेजारी बारीक अक्षरात काय चुकलं ते लिहायला लागली.